चेलोबाईंच्या गल्लीतली पहाट

अहो, आपल्या लग्नात बँड नव्हता. अटच होती तुमची. माझ्या वडिलांनी बाकी सगळं आनंदाने मान्य केलं, पण "बँड नको" म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. शेवगावात आमच्या आळीत वाजंत्रीशिवाय लग्न म्हणजे लोक काय काय विचारतील, याची त्यांना धास्ती. मी मनात म्हटलं, असू दे, लग्नानंतर बघून घेऊ. आणि मग आयुष्यभर आपण त्या एकाच विषयावर भांडत राहिलो.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. विज्ञान शिकवणारे सर म्हणून तुमच्याबद्दल लोक भरभरून बोलतात. शिस्त, वक्तशीरपणा, फळ्यावरचं अक्षर. ते सगळं खरं आहे आणि ते सांगायला पुष्कळजण आहेत. मला तुमच्याशी आपलं राहिलेलं भांडण बोलायचंय. समोरच्या खुर्चीत तुम्ही नाही, तेवढा माझा फायदा. मध्ये बोलता येणार नाही तुम्हाला.

तुम्हाला आवाज सहन व्हायचा नाही. लहानपण गेलं जुन्या गावातल्या भर बाजारपेठेत, कानात कापूस घालून तुम्ही अभ्यास केलात. म्हणून तर नगरच्या बाहेर सावेडीत, तेव्हा नुसतं माळरान होतं तिथे, घर बांधलंत. पुढे तिथेही वस्ती झाली, मंडळं झाली, डीजे आले. गणपतीत तुम्ही मंडळाच्या पोरांकडे जायचात. "पोरांनो, जरा कमी करा रे. देवाला कमी ऐकू येतं का?" पोरं तुमचेच विद्यार्थी, खाली मान घालून आवाज कमी करायची. तुम्ही गल्लीचं वळण घेतलं की पुन्हा वाढवायची. मी गॅलरीत उभी असायचे. तुमची दयाही यायची आणि पाय मात्र ठेक्यावर हलायचे.

मी काय करू? माझ्या मामाच्या गावी यात्रेला छबिना निघायचा, देवाची पालखी, संबळ, हलगी, शोभेची दारू. आम्ही मुलं मामाच्या खांद्यावर बसून बघायचो. एवढा आवाज झाला की मला सुरक्षित वाटायचं, कारण त्याचा अर्थ सगळं गाव जागं आहे.

"माणसं एकत्र यायला एवढा गोंगाट लागतो?" तुम्ही विचारायचात.

"गप्प बसून एकत्र आलेली माणसं मी फक्त दवाखान्यात बघितलीत," मी म्हणायचे.

इथे आपलं भांडण थांबायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा इथूनच सुरू.

मग रेवती आणि समीर मेक्सिकोला गेले. जावई मोटारींच्या कारखान्यात, कंपनीने तिकडे पाठवलं. ओवीचा जन्म तिथलाच. ती पाच महिन्यांची झाली तेव्हा आपण दोघं गेलो. रेवतीने फोनवर सांगितलं होतं, "बाबा, आम्ही जुन्या वस्तीत घर घेतलंय, चर्चच्या जवळ. शांत आहे." शांत! ती पोर तुमचीच, तुम्हाला बोलवायला खोटं बोलली.

गल्ली मात्र मला पाहताक्षणी आवडली. एकमेकांना चिकटलेली घरं, एक निळं, एक पिवळं, एक डाळिंबी. प्रत्येकाच्या दारात बायका खुर्च्या टाकून बसलेल्या. शेजारच्या चेलोबाई पहिल्याच दिवशी आल्या. कन्सुएलो त्यांचं नाव, सगळे चेलो म्हणायचे, मी बाई लावलं. साठीच्या, जाडजूड, हसल्या की पूर्ण हलायच्या. त्यांना मराठी नाही, मला स्पॅनिश नाही, तरी आम्ही तासभर बोललो. मक्याच्या पानात उकडलेलं काहीतरी त्यांनी आणलं होतं. तुम्ही विचारलंत, "पातोळ्यांसारखं आहे का?" आणि मिरचीचा घास लागल्यावर पाणी पीत सुटलात.

प्रत्येक वस्तीचा आपला एक संत असतो, हे रेवतीने सांगितलं. आपल्या ग्रामदेवतेसारखा. त्याचा उत्सव आठवड्यावर आला होता. गल्लीभर दोऱ्या बांधून कातरलेल्या रंगीत कागदांच्या पताका लावल्या जात होत्या. संध्याकाळी पोरं पायांत शिंपल्यांच्या माळा बांधून नाचाची तालीम करायची. तुम्ही खिडक्या लावून घेतल्यात. नगरहून आणलेले कानातले बोळे काढलेत.

उत्सवाच्या दिवशी पहाटे, अजून उजाडलंही नव्हतं, तेव्हा पहिला बार उडाला. त्या लोकांची रॉकेटं आपल्या दिवाळीसारखी बाटलीत उभी करायची नसतात. लांब बोरूच्या काडीला बांधलेली, माणूस हातात धरूनच पेटवतो आणि सोडतो. वर जाऊन फुटलं की तावदानं थरथरतात. एकामागून एक सुटायला लागली. चर्चच्या घंटा सुरू झाल्या. चर्चच्या दारात बँड उभा राहिला आणि सगळी वस्ती त्यांच्या संताला उठवायला गाऊ लागली, आपण काकड आरतीला देवाला उठवतो ना, तसं. मी खिडकी उघडून उभी राहिले. माझ्या अंगावर काटा आला होता. परक्या देशात, परक्या देवाच्या दारात मला मामाचा खांदा आठवला.

तुम्ही उशी डोक्यावर घेऊन बसला होतात. मग एकदम उठलात. "बाळ रडत असेल," म्हणालात आणि रेवतीच्या खोलीकडे गेलात.

ओवी गाढ झोपली होती.

रेवती जागी होती, हसत म्हणाली, "बघा बाबा, किती गुणी आहे. तुमच्यावर नाही गेली." समीरही हसला. मी पण पाळण्यात वाकून तिची अलाबला घेतली. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही पाळण्याशी उभे राहिलात. पुढचा बार नेमका आपल्या पाठीमागच्या अंगणावर फुटला. चेलोबाईंचा कुत्रा केकाटत आपल्या जिन्याखाली येऊन लपला. तुम्ही ओवीच्या पापण्यांकडे बघत होतात. मी तुमच्याकडे बघत होते. मला वाटलं, डोकं दुखतंय तुमचं.

दुपारी मिरवणूक निघाली. संताची मूर्ती खांद्यांवर, पुढे पिसांचे मुकुट घातलेले नाचणारे, मागे बँड. तुम्ही स्वतःहून म्हणालात, "बाळाला माझ्याकडे द्या, दारात उभा राहतो." रेवती माझ्याकडे बघून डोळे मोठे करून हसली. आम्हाला वाटलं, नातीने जादू केली. ओवी जागी होती, तुमच्या खांद्यावरून घराच्या आतल्या बाजूला बघत होती. तिच्या पाठीमागून ते अजस्र पितळी कर्ण्याचं वाद्य आलं, ज्याच्या आवाजाने माझ्या पोटात हादरे बसत होते. ती वळली नाही. मग तुम्ही तिला वळवलंत. पताका दिसल्या, मुकुट दिसले, तेव्हा ती हातपाय नाचवत खिदळली. तुम्ही पुन्हा तिला पाठमोरी केलीत. पुन्हा वळवलीत. लोकांना वाटलं, आजोबा खेळवतायत.

त्या वेळी तुमच्या मनात काय चाललं असेल, ते मी कधी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत. एवढ्या गर्दीत, एवढ्या ढणढणाटात तुम्ही एकटे उभे होतात, एवढंच मला आता कळतं.

संध्याकाळी जेवताना तुम्ही बोललात. सरळ, वर्गात सांगावं तसं. "रेवती, हिला ऐकू येत नाही असं मला वाटतं. उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

रेवती फटकन म्हणाली, "बाबा, जन्मली तेव्हाच तपासणी झालीये. सगळं नीट आहे."

"तेव्हा नीट असेल."

"झोपलेलं बाळ उठलं नाही तर लगेच बहिरं? तुम्हाला जिथे तिथे आवाजच कसा दिसतो हो?"

"मी चुकलो तर सगळ्यात जास्त आनंद मला होईल," तुम्ही म्हणालात. "पण मी चुकलोय का, ते बघू तर."

ती ओवीला उचलून आत निघून गेली. ताटं उचलताना समीरने तुमच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही घरात कुणी धड बोलेना. बाहेर उत्सव चालूच होता, त्यामुळे ती शांतता आणखीच अंगावर येत होती.

चेलोबाई उरलेल्या प्रसादाची परात घेऊन आल्या त्या याच वेळी. सगळ्यांचे चेहरे बघून त्यांनी परात ठेवली आणि हातानेच विचारलं, काय झालं? तुम्ही उठलात, जमिनीवर खेळणाऱ्या ओवीच्या मागे गेलात आणि टाळी वाजवलीत. मग त्यांच्याकडे बघितलंत. त्यांना एका क्षणात कळलं. त्या रेवतीच्या स्वयंपाकघरात गेल्या, मोठी कढई आणि डाव घेऊन आल्या, आणि ओवीच्या मागे उकिडव्या बसून त्यांनी कढईवर असा काही घाव घातला की मी दचकून कानावर हात नेले. ओवी हातातला रबरी हत्ती चावत राहिली.

त्यांनी आणखी एकदा वाजवून बघितलं. मग कढई हळूच, अजिबात आवाज न करता, खाली ठेवली. छातीवर क्रूस काढला. ओवीला उचलून छातीशी धरलं आणि रेवतीकडे हात पसरला. रेवती त्या परक्या बाईच्या कुशीत शिरून रडली. इतका वेळ तिला कुणाच्या तरी कुशीत रडायचंच होतं.

डॉक्टरांनी पुढे तेच सांगितलं. काही बाळांचं ऐकणं जन्मानंतर कमी होत जातं. मग ते म्हणाले, "एवढ्या लवकर लक्षात आलं, हे तिचं नशीब. बहुतेक घरांत मूल बोलत नाही म्हणून दीड-दोन वर्षांनी शोध लागतो. कुणाच्या लक्षात आलं?" रेवतीने तुमच्याकडे बोट दाखवलं. गाडीत परत येताना तिने मागच्या सीटवर तुमच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

आपण निघायच्या आदल्या दिवशी चेलोबाईंनी चर्चमध्ये नवस बोलला. आपल्यासारखाच नवस असतो त्यांचा, शब्द तेवढा वेगळा. मुलीला ऐकू येऊ दे, तिच्या नावाने बार उडवीन. रेवतीने तुम्हाला ते समजावून सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "बाईंचे आभार मान. पण तिला ऐकू येईल ते ऑपरेशनने."

ऑपरेशन पुण्यात झालं. एवढ्याशा डोक्याला कात्री लागणार म्हणून मी घाबरून गेले होते, "आणखी वर्षभर थांबू" म्हणत होते. तुम्ही माझ्यावर चिडला नाहीत. एवढंच म्हणालात, "आपण थांबू गं, पण तिचं शिकायचं वय थांबत नाही." कानामागे छोटं यंत्र बसलं. ते पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा ओवी घाबरून किंचाळली आणि स्वतःचं किंचाळणं ऐकून गप्प झाली. मग पुन्हा बारीकसं ओरडून बघितलं.

समीर नोकरीसाठी परत गेला आणि रेवती ओवीला घेऊन वर्षभर सावेडीत राहिली. पुण्याच्या बाईंनी, ज्या ओवीला बोलायला शिकवायच्या, पहिल्याच दिवशी सांगितलं, "आजोबा, घरात सतत बोला. जे कराल ते सांगत करा. शांत घर हिला परवडणार नाही."

आणि अहो, तुम्ही बोलायला लागलात! चहाला "हो" आणि जेवणाला "पुरे" एवढंच बोलणारा माणूस. सकाळी न्हाणीघरातून आवाज यायचा, "आता आजोबा दाढी करतायत. हा ब्रश. हा फेस. पाणी गार!" भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, स्कूटरला किक मारताना. तुम्ही तिला पुढे उभी करून आवाज ऐकवायला गावभर न्यायचात. स्टेशनवर गाडीची शिट्टी. लोहाराचा घण. रविवारी सकाळी गावातल्या चर्चबाहेर स्कूटर उभी करून घंटेची वाट बघायचात. एकदा गणपतीत तुम्ही मंडळाच्या पोरांसमोर जाऊन उभे राहिलात. पोरांनी सवयीने आवाज कमी केला. तुम्ही म्हणालात, "नको, असू दे. हिला ताशा ऐकवायचाय." पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. मी हे गॅलरीतून पाहिलं आणि मला हसू आवरेना. त्यानंतर ओवी झोपल्यावर तुम्ही पुन्हा जाऊन आवाज कमी करायला सांगून आलात, तेही पाहिलं.

दारावर येणारी भाजीवाली एकदा म्हणाली, "आजोबा, तुमी तर लईच बोलाया लागले की!"

"मावशी, तुम्हीपण बोला. मेथी म्हणा. हिच्याकडे बघून, मोठ्यानं."

"आता ह्या वयात मला बोलाया शिकवता व्हय?" म्हणत तिने जुडी ओवीच्या नाकासमोर धरली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "मेऽऽथी!"

आठवडाभर हेच चाललं. आणि एका सकाळी भाजीवालीच्या आधी ओवीच ओरडली, "मेती!" आई नाही, बाबा नाही, आजोबा नाही, मेथी! रेवती रडत हसत पायरीवर बसली. भाजीवालीने "माझी बाय ती" म्हणत कानशिलावर बोटं मोडली आणि त्या दिवशीची जुडी तशीच ओवीच्या हातात ठेवली. तुम्ही आत निघून गेलात. बराच वेळ नळ वाहत होता.

तीन वर्षांची ओवी परत मेक्सिकोत रुळल्यावर आपण दुसऱ्यांदा गेलो, उत्सव धरूनच. चेलोबाईंना नवस फेडायचा होता. त्यांनी रॉकेटची काडी तुमच्यापुढे धरली. मला वाटलं, आता तुम्ही घेणार. तुम्ही नम्रपणे मान हलवलीत. "हे डॉक्टरांनी केलंय," रेवतीला म्हणालात. "सांग त्यांना, नीट समजावून सांग."

चेलोबाईंनी ऐकून घेतलं, मग कमरेवर हात ठेवून काहीतरी म्हणाल्या. रेवती हसू दाबत म्हणाली, "बाबा, त्या विचारतायत, त्या पहाटे बार उडाला नसता, तर डॉक्टरांकडे नेलं असतं का तुम्ही?"

चाळीसेक वर्षांत पहिल्यांदा तुम्हाला उत्तर सुचलं नाही आणि त्याची साक्षीदार मी.

शेवटी काडी समीरने धरली. बार वर गेला, फुटला. ओवीने दचकून दोन्ही हात कानांवर दाबले, डोळे घट्ट मिटले आणि ओरडली, "आजोबा, मोठ्ठा आवाज!" अगदी तुमचीच मुद्रा. सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती. चेलोबाई रडत होत्या. तुम्ही तिच्यापुढे गुडघ्यावर बसलात, तिचे हात अलगद धरून खाली घेतलेत आणि म्हणालात, "हात काढ, बाळा. ऐक. अजून एक येतोय."

मी तुमच्या मागेच उभी होते. जन्मभराचं भांडण मी जिंकले, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तुमचा चेहरा दिसला आणि राहून गेलं.

परत येताना विमानात तुम्ही एवढंच म्हणालात, "योगायोग होता." मी म्हटलं, "असेल." तुम्ही पुन्हा म्हणालात, "तरी त्या बाईंना माझा नमस्कार सांगायला हवा होता नीट. घाईत राहिला." तो मी परवा रेवतीकरवी सांगितला. रेवतीने तुमची बातमी कळवली, तसा त्यांचा फोन आला होता. त्या मोठमोठ्याने रडत होत्या, मध्येच हसत होत्या, आणि तुमच्या नावाने चर्चमध्ये प्रार्थना झाली, हे पुन्हा पुन्हा सांगत होत्या. तुम्ही देवापुढे हात जोडायला टाळाटाळ करायचात. आता चेलोबाईंच्या संताच्या यादीत तुमचं नाव आलंय. तिथे काही तक्रार असेल तर तुमची तुम्ही मिटवा.

तुम्ही गेलात ते गॅलरीतल्या खुर्चीत, सकाळचा चहा झाल्यावर, हाक मारायच्याही आत. रेवती, समीर आणि पाच वर्षांची ओवी आली तोवर घर माणसांनी भरलं होतं. आपल्याकडे दुखवट्याच्या घरात कसं असतं तुम्हाला माहीत आहे. पाय न वाजवता येतात, सतरंजीवर टेकतात, दबक्या आवाजात दोन शब्द बोलतात. माझे भाऊ शेवगावहून आले, तुमच्या शाळेतले सहकारी आले, मंडळाची ती पोरं आली. सगळे कुजबुजत होते. मीही.

ओवी माझ्या मांडीवर बसली होती. एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या यंत्राला कुजबुज नीट पकडता येत नाही. माणसं तिच्या आजोबांबद्दल बोलतायत, एवढं तिला कळत होतं, काय बोलतायत ते कळत नव्हतं. एकदम ती उभी राहिली, हात कमरेवर ठेवले आणि खोलीभर घुमेल अशा आवाजात म्हणाली,

"सगळे हळू हळू का बोलता? माझ्या आजोबांचं मलापण ऐकायचंय!"

रेवती तिला ओढायला पुढे झाली. मी म्हटलं, "राहू दे तिला. दादा, तू सांग रे. मोठ्यानं सांग."

माझ्या भावाने घसा खाकरला. मग तो मळ्यात हाक मारावी तसा बोलला, "तुजे आजोबा पयल्यांदा आमच्याकडं आले ना ओवी, तवा आमच्या गोठ्यात रेडकू लई वरडत हुतं. तर ह्यांनी काय करावं? जेवन सोडून गेले अन् रेडकाला समजावून सांगत बसले!"

ओवी खळखळून हसली. "मग? रेडकू गप्प बसलं?"

"न्हाई ना! आजून वरडाया लागलं!"

कोपऱ्यात बसलेला मंडळाचा एक पोरगा, आता चांगला बाप्या झालेला, तोही आवाज चढवून सांगू लागला. मग तुमचे मुख्याध्यापक. मग शेजारच्या काकू. एकाचं झालं की दुसऱ्याचं, प्रत्येकजण ओवीकडे तोंड करून, शब्द सुटे सुटे करून, मोठ्याने. रेवती डोळे पुसत हसत होती. मी उठले आणि सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं. आतून मला एक एक शब्द स्पष्ट ऐकू येत होता.